गोल्फ क्लब कशाचा बनलाय? वापरलेला सेट घेताना मटेरियल ओळखायची सविस्तर पद्धत

वापरलेला गोल्फ सेट विकायला निघतो तेव्हा त्याची किंमत चार शब्दांवर चढते: टायटॅनियम, फोर्ज्ड, ग्रॅफाइट, टंगस्टन. नवा खेळाडू हे शब्द ऐकतो आणि मान डोलावतो. ते मटेरियल क्लबमध्ये नेमकं कोणतं काम करतंय, हे विकणारा सहसा सांगत नाही. खरं तर तेवढं एक कळलं की सेट आपल्यासाठी आहे की नाही, हे आपलं आपल्यालाच ठरवता येतं.

क्लबमधलं प्रत्येक मटेरियल मुख्यतः वजन हव्या त्या जागी नेण्यासाठी निवडलेलं असतं, आणि हा संपूर्ण लेख त्याच एका गोष्टीभोवती आहे. हलकं मटेरियल नको त्या जागचं वजन काढून घेतं, जड मटेरियल ते हव्या त्या जागी परत ठेवतं. चेंडू लांब जाणं, चुकलेला फटका सावरणं, मनगटाला झटका कमी बसणं, यातलं बरंचसं त्यातूनच येतं. म्हणून 'हे भारी मटेरियल आहे का?' असं विचारण्यापेक्षा 'यानं वजन कुठून काढलं आणि कुठे ठेवलं?' असं विचारा.

सोबत काय न्यायचं

एक साधं चुंबक, ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा, मऊ सुती फडकं, मोबाइलचा टॉर्च आणि पाण्यानं पुसता येणारा मार्कर. एवढ्यावर सेटची जवळपास सगळी परीक्षा होते.

जाण्याआधी काही घनता डोक्यात ठेवा. स्टील एका घनसेंटिमीटरला सुमारे 7.8 ग्रॅम, टायटॅनियम 4.4, ॲल्युमिनियम 2.7, कार्बन फायबरचं कंपोझिट 1.6 च्या आसपास आणि टंगस्टन 19.3. म्हणजे टायटॅनियम स्टीलच्या निम्म्याहून थोडं जास्त आणि टंगस्टन स्टीलच्या जवळजवळ अडीचपट. पुढचा सगळा हिशेब या आकड्यांचाच आहे.

क्लबचे तीन भाग: खालचं हेड, मधला शाफ्ट, वरची ग्रिप. हेडला जिथे शाफ्ट बसतो ती नळी म्हणजे होझल, आणि चेंडूला लागतो तो पृष्ठभाग म्हणजे फेस.

ड्रायव्हर: पोकळ हेडचा हिशेब

सुरुवात ड्रायव्हरपासून, म्हणजे सगळ्यात लांब फटका मारायच्या क्लबपासून करा, कारण मटेरियलची करामत सगळ्यात जास्त इथेच दिसते.

ड्रायव्हर आणि त्याच्या भावंडांना आजही 'वूड' म्हणतात, कारण ती खरोखर लाकडाची असत. विसाव्या शतकात हेडसाठी पर्सिमनचं लाकूड सगळ्यात मानाचं होतं. हे अमेरिकेतलं झाड, पण विदर्भात ज्या तेंदूची पानं बिडीसाठी तोडतात, तो आणि हे झाड एकाच कुळातले. घट्ट, कठीण, चिवट लाकूड. पण हेड भरीव असल्यामुळे वजन सगळीकडे पसरलेलं राही आणि आकार लहान ठेवावा लागे. फटका फेसच्या मध्यापासून जरा बाजूला लागला की चेंडू भरकटायचा.

1979 मध्ये गॅरी ॲडम्स यांनी टेलरमेड कंपनी काढली आणि स्टेनलेस स्टीलचा पोकळ ड्रायव्हर बाजारात आणला. आतला भाग रिकामा झाला आणि वजन बाहेरच्या कवचात गेलं. 1991 मध्ये कॅलवेचा 'बिग बर्था' आला: स्टीलचाच, पण 190 घनसेंटिमीटरचा, त्या काळच्या मानानं मोठा. तरीही लाकूड लगेच संपलं नाही. गोल्फपटू बर्नहार्ड लँगरनं 1993 ची मास्टर्स स्पर्धा पर्सिमनच्या ड्रायव्हरनं जिंकली. 1995 मध्ये कॅलवेनं टायटॅनियमचा 'ग्रेट बिग बर्था' काढला आणि मग हेडचे आकार झपाट्यानं वाढले. आज नियमानुसार कमाल मर्यादा 460 घनसेंटिमीटर आहे.

टायटॅनियमच का, याचा हिशेब सोपा आहे. ड्रायव्हरच्या हेडचं वजन सुमारे 200 ग्रॅम ठेवावं लागतं. त्याहून फार जड झालं तर वेगानं फिरवता येत नाही. 200 ग्रॅम स्टील म्हणजे साधारण 26 घनसेंटिमीटर धातू, आणि 200 ग्रॅम टायटॅनियम म्हणजे साधारण 45. एवढ्या मोठ्या पोकळ हेडचं कवच 26 घनसेंटिमीटरमध्ये पसरवायचं तर ते फारच पातळ होतं. टायटॅनियममध्ये कवच पुरेसं जाड राहतं, आणि वर तळाला, मागच्या कडेला ठेवायला थोडं वजन शिल्लक उरतं.

दुसरा फायदा फेसचा. टायटॅनियमचा पातळ फेस चेंडू आदळला की किंचित आत दबतो आणि परत उसळतो. फटक्यात वाया जाणारी बहुतेक ऊर्जा चेंडू चेपल्यामुळे वाया जाते. फेस थोडा दबला की चेंडू कमी चेपतो आणि वेग टिकतो. या उसळीलाही नियमांनी मर्यादा घातली आहे, त्यामुळे 'या ड्रायव्हरचा फेस इतरांपेक्षा खूप जास्त उसळतो' असं कोणी सांगितलं तर एक तर ते खरं नाही, किंवा तो क्लब नियमात बसत नाही. आर अँड ए आणि यूएसजीए या दोन नियामक संस्था नियमात बसणाऱ्या ड्रायव्हर हेडची यादी ऑनलाइन ठेवतात. मॉडेलचं नाव आणि हेडवर कोरलेला लॉफ्ट, म्हणजे फेस मागे कलण्याचा कोन, त्या यादीत मिळतोय का, हे पैसे देण्याआधी बघा.

टायटॅनियमवर लिहिलेलं '6-4' म्हणजे त्यात 6 टक्के ॲल्युमिनियम आणि 4 टक्के व्हॅनेडियम. '8-1-1' म्हणजे 8 टक्के ॲल्युमिनियम, 1 टक्का मॉलिब्डेनम, 1 टक्का व्हॅनेडियम. 8-1-1 किंचित हलकं आहे. खेळताना तुम्हाला फरक कळेल असं मला वाटत नाही.

मग कार्बन आलं. हेडचा वरचा भाग, म्हणजे क्राउन, कार्बन कंपोझिटचा केला की तिथले काही ग्रॅम वाचतात आणि ते खाली आणि मागे नेता येतात. त्यामुळे चेंडू सहज उंच उठतो आणि हेड बाजूला कमी वळतं. 2022 मध्ये टेलरमेडनं 'स्टेल्थ' ड्रायव्हरचा फेससुद्धा कार्बनचा केला, 60 थर एकावर एक लावून.

आता परीक्षा:

1. चुंबक क्राउनला आणि फेसला लावा. चिकटलं तर ते स्टील. तळाच्या स्क्रूला किंवा वजनाला चिकटलं तर त्यातून निष्कर्ष काढू नका. ते तुकडे वेगळ्या धातूचे असतात.
2. चिकटलं नाही तर टायटॅनियम, ॲल्युमिनियम किंवा कार्बन. स्वस्त बॉक्स सेटमध्ये मोठे ड्रायव्हर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात आणि वर 'टायटॅनियम' हा शब्द रंगवलेला असतो. ॲल्युमिनियम मऊ असतं, म्हणून तळावर खोल ओरखडे आणि पोचे दिसतात. शंका आली तर मॉडेलचं नाव वरच्या यादीत शोधा.
3. टॉर्च आडवा धरून फेसवर प्रकाश टाका. केसासारखी बारीक रेघ दिसली आणि नखाला लागली, तर तो तडा आहे. असा ड्रायव्हर फुकटही घेऊ नका.
4. क्राउनवर बोटाच्या पेरानं टकटक करा. कार्बनचा आवाज बद्द येतो, धातूचा खणखणीत. कार्बनचा क्राउन आणि धातूचा सांगाडा जिथे जोडले जातात तिथे टवका उडालाय का, ते पाहा.
5. हेड हलवा. आत काही खडखडलं तर बहुतेक वेळा ते सुटलेल्या गोंदाचं ढेकूळ असतं आणि काढता येतं. त्यावर भाव कमी करून मागा.
6. पूर्ण ड्रायव्हर काट्यावर ठेवा. हेड 200, ग्रॅफाइट शाफ्ट 60 च्या आसपास आणि ग्रिप 50 धरली तर एकूण सुमारे 310 ग्रॅम भरायला हवेत. आकडा यापासून फार लांब असेल तर विकणाऱ्याला कारण विचारा.

फेअरवे वूड (जमिनीवरून लांब फटका मारायचा लहान वूड) आणि हायब्रिड (वूड आणि आयर्नच्या मधला क्लब) यांवर फार वेळ घालवू नका. त्यांची हेड लहान असल्यामुळे तिथे स्टील पुरतं; उलट स्टीलचं वजन तळाशी असणं जमिनीवरचा चेंडू उचलायला उपयोगीच पडतं. चांगल्या मॉडेलमध्ये फेस मारेजिंग स्टीलचा असतो. हे स्टील फार मजबूत असतं, म्हणून फेस पातळ ठेवता येतो. टायटॅनियमचा फेअरवे वूड मिळाला तरी केवळ तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

आयर्न: फोर्ज्ड की कास्ट

आयर्न म्हणजे पात्यासारख्या धातूच्या हेडचे, नंबर असलेले क्लब. इथे मात्र सावकाश चला. भारतात वापरलेला सेट घेताना सगळ्यात जास्त वाद याच मुद्द्यावर होतात आणि सगळ्यात जास्त पैसे वाया जातात तेही इथेच.

फोर्ज्ड म्हणजे घडवलेलं. तापवलेली स्टीलची कांडी साच्यात ठेवून अजस्र हातोड्याच्या घावांनी तिला हेडचा आकार देतात. यासाठी मऊ कार्बन स्टील वापरतात. त्यावर '1020', '1025' असे आकडे असतात. शेवटचे दोन आकडे कार्बनचं प्रमाण सांगतात, म्हणजे 1025 मध्ये सुमारे 0.25 टक्के कार्बन. जपानी कंपन्या तेच 'एस20सी', 'एस25सी' असं लिहितात. मिझुनोची फोर्ज्ड हेड हिरोशिमात घडतात, मिउराची हिमेजीत. ही कारागिरी खरोखर उच्च दर्जाची आहे, आणि तसं आयर्न हातात घेतल्यावर काठाकाठांवरून बोट फिरवावंसं वाटतं.

कास्ट म्हणजे ओतलेलं. मेणाची हुबेहूब प्रतिकृती बनवायची, तिच्यावर सिरॅमिकचा लेप चढवायचा, मेण वितळवून काढायचं आणि पोकळीत वितळलेलं स्टील ओतायचं. बस्तरचे ढोकरा कारागीर याच तत्त्वावर पितळी मूर्ती घडवतात. गोल्फमध्ये यासाठी बहुधा '17-4' किंवा '431' स्टेनलेस वापरतात. 17-4 म्हणजे 17 टक्के क्रोमियम, 4 टक्के निकेल.

ओतकामाचा खरा फायदा आकाराचा. घडवताना न जमणारे कोनाडे, खाचा, पोकळ्या ओतकामात सहज जमतात. जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर असलेल्या कार्स्टन सोलहाइम यांनी 1959 मध्ये घरच्या गॅरेजमध्ये पटर (हिरवळीवर चेंडू भोकाकडे ढकलायचा क्लब) बनवून पिंग कंपनीची सुरुवात केली. हेडच्या मधलं वजन काढून ते दोन टोकांना ठेवायचं, ही त्यांची कल्पना. खांद्यावर दोन्ही टोकांना भरलेले हंडे टांगलेली कावड पटकन गर्रकन फिरवता येत नाही, तसंच टोकांना वजन असलेलं हेड चेंडू बाजूला लागला तरी कमी वळतं. हीच कल्पना पुढे आयर्नमध्ये आली. मागे पोकळ खाच असलेली, ओतलेली 'कॅव्हिटी बॅक' आयर्न ही त्यातूनच घडत गेली, आणि 1982 चं 'पिंग आय 2' हा त्या घराण्यातला सगळ्यात गाजलेला सेट.

मग फोर्ज्डचा फील? तो असतो. पण फील हा बऱ्याच अंशी आवाज आणि कंप यांचा मिळून बनतो, आणि फेसच्या मागे किती धातू आहे यावर तो फार अवलंबून असतो. मागे भरीव धातू असलेलं कास्ट हेडही छान वाटतं आणि पातळ फेसचं फोर्ज्ड हेड टणक वाटू शकतं. नुकती सुरुवात केलेल्या किंवा एका फेरीत शंभराहून जास्त फटके लागणाऱ्या खेळाडूनं फक्त 'फोर्ज्ड' या शब्दासाठी ब्लेड, म्हणजे मागे खाच नसलेली पातळ हेडची आयर्न घेऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. त्याला टोकांना वजन असलेलं हेड हवं. ते कास्ट असो वा फोर्ज्ड.

फोर्ज्डचा एक व्यावहारिक फायदा मात्र नक्की आहे आणि त्याची चर्चा कमी होते: मऊ कार्बन स्टीलचं होझल वाकवता येतं. तुमची उंची, हातांची लांबी, उभं राहायची ढब यानुसार लॉफ्ट आणि लाय (शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन) बदलून घेता येतात. 431 सुद्धा बऱ्यापैकी वाकतं. 17-4 कठीण असल्यामुळे एक-दोन अंशांच्या पलीकडे फिटर सहसा हात लावत नाहीत. वापरलेला सेट दुसऱ्या कुणाच्या मापाचा असतो, म्हणून हा मुद्दा तिथे फार महत्त्वाचा.

लाय तपासायची घरगुती पद्धत: चेंडूवर मार्करनं जाड उभी रेघ ओढा. ती रेघ फेसच्या बाजूला येईल असा चेंडू ठेवा आणि नेहमीसारखा फटका मारा. फेसवर रेघ सरळ उभी उमटली तर लाय ठीक. तिरकी उमटली तर हेड जमिनीला वाकडं टेकतंय, आणि वाकवता येणारं स्टील असेल तरच पुढे बोलणी करा.

चुंबकाची परीक्षा आयर्नमध्ये फार कामाची. कार्बन स्टील, 17-4 आणि 431 या तिघांनाही चुंबक घट्ट चिकटतं. अजिबात चिकटलं नाही तर बहुधा ते जस्ताच्या मिश्रधातूचं स्वस्त हेड आहे. लहान मुलांच्या आणि एकदम स्वस्त सेटमध्ये ते असतं. काही चांगली हेडही चुंबकाला दाद देत नाहीत, जसं 304 स्टेनलेसची किंवा जुनी बेरिलियम कॉपरची, पण त्यांची ओळख मॉडेलच्या नावावरून पटते. बेरिलियम कॉपरचं हेड कधीही घासू नका, ग्राइंडरला लावू नका. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.

वजन पाहायचं तर स्टील शाफ्टचा 7 नंबर आयर्न साधारण 420 ते 450 ग्रॅम भरतो. हेड एकेका नंबरला सुमारे 7 ग्रॅमनं जड होत जातं आणि शाफ्ट अर्धा इंच आखूड होत जातो. सगळी आयर्न ओळीनं काट्यावर ठेवून आकडे लिहून काढा. क्रम मध्येच तुटला तर त्या क्लबचा शाफ्ट किंवा ग्रिप बदललेली आहे. नकली सेट असतो तेव्हाही आकडे बहुधा असेच वेडेवाकडे येतात.

टंगस्टनचं काम एका ओळीचं: लहान जागेत जास्त वजन. कठीण वाटणाऱ्या 4 आणि 5 नंबरच्या आयर्नमध्ये तळाशी, टोकाकडे टंगस्टनचा तुकडा बसवतात, म्हणजे चेंडू लवकर वर उठतो. 9 नंबरमध्ये त्याचा उपयोग फारच थोडा. पोकळ आयर्नच्या आत फोम किंवा पॉलिमर भरलेला असतो. त्यामुळे आवाज मऊ होतो आणि पातळ फेसला आधार मिळतो.

वेज आणि पटर

वेज, म्हणजे जवळच्या, उंच फटक्यांचे क्लब, बहुधा 8620 या कार्बन स्टीलच्या मिश्रधातूचे असतात. त्यावर क्रोमचा मुलामा असतो किंवा मुद्दाम काहीच नसतं. बिनमुलाम्याच्या 'रॉ' वेजला गंज चढतो. गंजामुळे स्पिन वाढतो असं अनेक जण मानतात. स्पिन येतो तो फेसचा खडबडीतपणा, ग्रूव्हच्या, म्हणजे फेसवरच्या खाचांच्या, धारदार कडा आणि कोरडा, स्वच्छ चेंडू यांतून. म्हणून गंज बघू नका, ग्रूव्हवरून आडवं नख फिरवा. नख अडकलं तर वेजमध्ये जीव आहे. सरकून गेलं तर तो वेज घासलाय. आपल्याकडच्या कडक मैदानांवर आणि भरड वाळूच्या बंकरमध्ये वेज लवकर झिजतात, त्यामुळे अख्ख्या सेटमध्ये नवी घ्यावी अशी वस्तू कोणती, तर सॅंड वेज.

पटरमध्ये मटेरियल मुख्यतः आवाजासाठी निवडतात. 303 स्टेनलेसच्या ठोकळ्यातून कोरून काढलेला पटर टणक टिक् आवाज देतो, कार्बन स्टीलचा जरा मऊ, आणि फेसमध्ये युरेथेनचा तुकडा बसवलेला त्याहूनही मऊ. तुम्ही खेळता त्या मैदानाची हिरवळ संथ आहे की वेगवान, त्यावर कुठला बरा ते ठरतं. युरेथेनचा तुकडा कडेनं उचकटलाय का, एवढं बोटानं पाहा.

शाफ्ट: सगळ्यात दुर्लक्षित भाग

एकोणिसाव्या शतकापासून शाफ्ट हिकरीच्या लाकडाचे असत. हिकरी लवचिक, पण तिला पीळ फार पडतो. हेड फटक्याच्या क्षणी सरळ येईल अशा बेतानं खेळाडूला स्विंगची वेळ साधावी लागे. यूएसजीएनं 1924 मध्ये स्टीलच्या शाफ्टला परवानगी दिली. आर अँड एनं ती 1929 मध्ये दिली, तीही प्रिन्स ऑफ वेल्सनं सेंट अँड्र्यूजमध्ये स्टीलचे शाफ्ट वापरल्यानंतर. 1931 मध्ये बिली बर्कनं स्टील शाफ्टनं यूएस ओपन जिंकली आणि हिकरीचे दिवस सरले.

चेंबूरमध्ये गोल्फ क्लबाशेजारच्या वस्तीत कॅडींनी, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा वाहणाऱ्यांनी, गल्लीबोळात खेळायचा आपला स्वतःचा गोल्फ उभा केला. त्यांचा क्लब म्हणजे टोकाला वाकवलेली लोखंडी सळई, आणि चेंडू प्लास्टिकचा. हेड, होझल, शाफ्ट सगळं एकाच सळईतून. या खेळाबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण वाकवलेल्या टोकावर वजन किती पाहिजे आणि सळई किती लांब हवी, हे त्या मुलांनी हातानं शोधलं.

ग्रॅफाइटचा शाफ्ट 1969 च्या सुमारास शेक्सपियर या कंपनीत फ्रँक थॉमस यांनी बनवला. कार्बन फायबरची इपॉक्सीत भिजवलेली पत्रकं स्टीलच्या निमुळत्या दांड्यावर गुंडाळतात, भट्टीत पक्की करतात आणि दांडा ओढून काढतात. लांबीच्या दिशेनं ठेवलेले तंतू वाकण्याला विरोध करतात, तिरपे ठेवलेले तंतू पिळण्याला. म्हणजे कुठे किती वाकायचं आणि किती पिळायचं, हे थरांच्या मांडणीतून ठरवता येतं. स्टीलमध्ये हे स्वातंत्र्य कमी असतं. तिथे नळीची जाडी आणि व्यास बदलूनच काम भागवतात.

आयर्नचे स्टील शाफ्ट साधारण 95 ते 130 ग्रॅम, ग्रॅफाइटचे 50 ते 100. कोपर किंवा मनगट दुखत असेल, वय झालं असेल, स्विंग संथ असेल, तर आयर्नमध्येही ग्रॅफाइट घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही. तरुण, जोरकस खेळाडूला स्टीलचं वजन स्विंग लयीत ठेवायला मदत करतं. ड्रायव्हरचा शाफ्ट मात्र आता जवळपास सगळ्यांचाच ग्रॅफाइट असतो.

शाफ्ट किती कडक आहे ते सांगणाऱ्या, शाफ्टवरच्या आर, एस, एक्स या अक्षरांवर पूर्ण भिस्त ठेवू नका. त्यांचं सगळ्या कंपन्यांत मिळून एकच प्रमाण नाही; एकाचा आर दुसऱ्याच्या एसइतका कडक असू शकतो. ढोबळमानानं ड्रायव्हरच्या स्विंगचा वेग ताशी 85 ते 95 मैल असेल तर आर, 95 ते 105 असेल तर एस. ग्रॅम मात्र खोटं बोलत नाहीत, म्हणून शाफ्टवर छापलेलं वजन आधी वाचा.

परीक्षा:

1. चुंबक लावा. स्टीलला चिकटतं, ग्रॅफाइटला नाही. रंगावर जाऊ नका. काळ्या रंगाचे स्टील शाफ्टही असतात.
2. स्टील शाफ्ट सपाट टेबलावर ठेवून हेड टेबलाबाहेर राहील असा घरंगळवा. लडबडला तर वाकलाय. वाकलेला शाफ्ट सरळ करून वापरू नका, बदला.
3. होझलच्या वरच्या काळ्या प्लास्टिकच्या कड्याजवळ, म्हणजे फेरूलजवळ, गंजाचे फोड आहेत का बघा. तिथेच शाफ्ट तुटतो.
4. ग्रॅफाइटवर सुती फडकं हलक्या हातानं वरून खाली फिरवा. कुठे धागा अडकला तर तंतू उघडे पडलेत. बॅगेच्या काठाला घासून अशी जखम होते.
5. एका हातानं ग्रिप आणि दुसऱ्या हातानं हेड धरून हलकं पिळा. करकर ऐकू आली तर आत तडा आहे किंवा गोंद सुटलाय.

शाफ्ट बदलायचा झाला तर होझलचं माप विचारा. आयर्नमध्ये 0.355 इंचाचा निमुळता आणि 0.370 इंचाचा सरळ, असे दोन प्रकार असतात आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. स्टील शाफ्ट काढताना होझल तापवून पिळत ओढता येतो. ग्रॅफाइट पिळला की फाटतो, तो सरळच ओढावा लागतो. हे काम जाणकाराकडे द्या.

ग्रिप घरी बदला

ग्रिप रबराची असते. घाम, ऊन आणि वय यांनी ती चकचकीत आणि टणक होते. ती घट्ट पकडावी लागते, मग हात आखडतात आणि स्विंग बिघडतो. जुना सेट घेतल्यावर पहिला खर्च यावरच करा. मुंबईच्या घामट हवेत सुती दोरा विणलेली 'कॉर्ड' ग्रिप चांगली पकड देते, पण हात मऊ असतील तर ती टोचते.

जुनी ग्रिप हुकच्या आकाराच्या पात्यानं स्वतःपासून दूर कापा. ग्रॅफाइटवर सरळ पातं वापरू नका, शाफ्टवर चीर जाते. खालची जुनी टेप हेअर ड्रायरनं गरम करून खरवडून काढा. नवी दुहेरी टेप लावा, वर थोडी जास्त ठेवून ती शाफ्टच्या तोंडात दाबा. नव्या ग्रिपच्या टोपीचं भोक बोटानं बंद करा, आत मिनरल टर्पेंटाइन ओता, हलवा आणि तेच टेपवर सर्वत्र ओता. मग न थांबता एका दमात ग्रिप शेवटपर्यंत ढकला. मध्ये थांबलात तर ती अडकते. लगेच वरची खूण फेसशी जुळवा. रात्रभर वाळू द्या. पेट्रोल वापरू नका, आणि हे काम गॅसच्या शेगडीजवळ तर मुळीच नको.

ग्रिप घेताना आतला आकडा बघा, 58 की 60. तो शाफ्टच्या वरच्या टोकाच्या व्यासाशी जुळला पाहिजे, नाहीतर ग्रिप जास्त ताणली जाते किंवा जाड बसते.

पैसे कुठे घालायचे

बजेट मर्यादित असेल तर माझा क्रम असा: आधी तुमच्या वजनाचे आणि वेगाचे शाफ्ट, मग नव्या ग्रिप, मग टोकांना वजन असलेली स्टेनलेस आयर्न, मग सात-आठ वर्षं जुना पण तडा नसलेला टायटॅनियम ड्रायव्हर. कार्बनचा फेस, टंगस्टन, फोर्ज्ड हे सगळं त्यानंतर. नियमानुसार बॅगेत जास्तीत जास्त 14 क्लब ठेवता येतात, पण सुरुवातीला सात-आठ पुरतात, आणि त्याच पैशात ते जास्त चांगले मिळतात.

पावसाळा आणि उन्हाळा

कोकणपट्टीत आणि मुंबईत खारा वारा असतो, पुण्यात चार महिने दमट हवा. स्टेनलेस हेड सहसा तग धरतं. क्रोम उडालेलं फोर्ज्ड हेड आणि रॉ वेज मात्र एका आठवड्यात तपकिरी होतात. खेळून आल्यावर क्लब बॅगेतून बाहेर काढा, पुसा, ग्रिप वर ठेवून पंख्याखाली वाळवा. ओल्या हेडवर कव्हर चढवू नका. कार्बन स्टीलवर शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवा. चेंडूला लागण्याआधी फेस कोरडा पुसून घ्या. ग्रिपच्या टोपीला भोक असतं, त्यातून पाणी स्टील शाफ्टच्या आत जातं आणि शाफ्ट आतून गंजतो. बाहेरून काहीच दिसत नाही आणि एक दिवस तो फेरूलपाशी तुटतो. म्हणून भर पावसात खेळल्यावर ते भोक खाली येईल असा क्लब थोडा वेळ उलटा ठेवा.

पर्सिमनचा जुना ड्रायव्हर घरात असेल तर तो कपाटात कोरड्या जागी ठेवा. वॉर्निशला चीर गेली की लाकूड ओल पितं, फुगतं आणि तळाच्या पट्टीचे स्क्रू सैल होतात. चीर दिसली की त्याच दिवशी वॉर्निशचा हात द्या.

उन्हाळ्यात क्लब गाडीच्या डिकीत ठेवून जाऊ नका. हेड आणि शाफ्ट इपॉक्सीनं जोडलेले असतात, आणि उष्णतेनं इपॉक्सी मऊ पडतो. ग्रिपखालची टेपही सरकते. दुपारभर तापलेल्या डिकीतून काढलेला ड्रायव्हर लगेच जोरात फिरवू नका. आधी सावलीत थंड होऊ द्या, हेड हातानं पिळून पक्कं बसलंय ना ते पाहा आणि मगच टीवर जा.